मच्छिंद्रकाकांचं समुद्रफूल

मच्छिंद्र लवांडे यांनी जन्मात दोन कामं मन लावून केली. एक, एसटी चालवली. दुसरं, निवृत्त झाल्यावर नगरच्या सावेडीतल्या दुसऱ्या मजल्यावर समुद्र आणून ठेवला. पहिल्या कामात त्यांच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. दुसऱ्या कामात ते स्वतःच गेले.

मूळचे तिसगावचे. त्या बाजूला पाणी दिसतं ते विहिरीच्या तळाशी, नाहीतर टँकरच्या पोटात. एवढं पाणी मोकळ्यावर पडलंय आणि त्याला कुणी राखणदार नाही, हे काकांनी पहिल्यांदा पाहिलं ते कोकणातल्या मुक्कामी गाडीवर ड्यूटी लागली तेव्हा. गाडी स्टँडला लागली की कंडक्टर मासळीच्या ताटावर जाऊन बसायचा आणि काका वाळूत. मासळी त्यांना वर्ज्य. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. चांगुणाकाकूंच्या गळ्यात होती, आणि ती दोघांना पुरायची.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेतो. पारनेरच्या शाळेत शिकलेल्या माणसाला समुद्र कळतो तो नकाशातल्या निळ्या रंगाइतकाच. पण काकांना ऐकणारा लागायचा आणि मला फुकटचा चहा, म्हणून आमचं जमलं.

बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या जागी काचेची पेटी होती. खाऱ्या पाण्याचा फिश टँक. फिल्टरचं पाणी ड्रममध्ये घ्यायचं, त्यात पिशवीतलं समुद्री मीठ ढवळायचं, मग काचेची नळी बुडवून खारटपणा मोजायचा. नळीवर विश्वास नसल्यासारखं काका शेवटी बोट बुडवून जिभेला लावायचे, आमटी चाखावी तसं. "झालं अलिबाग," म्हणायचे.

"नगरात प्यायचं पानी एका दिसाआड येतं," काकू आतून म्हणायच्या, "अन् ह्यांनी हाय तेबी खारट करून ठिवलंय."

पेटीत नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची एक जोडी होती आणि पुण्याच्या कुणा शौकिनानं आपला टँक मोडताना दिलेले दगड. समुद्रातले सच्छिद्र दगड, ज्यांवर काय काय जिवंत असतं ते दगडालाच ठाऊक. काकांना एकच खंत होती. ही जोडी समुद्रात एका फुलात घर करून राहते. त्याला समुद्रफूल म्हणतात, हौशी लोक अ‍ॅनिमोन म्हणतात. दिसतं फुलासारखं, पण आहे तो प्राणीच. "बिचाऱ्यांना घर न्हाई," काका मला सांगायचे. मूलबाळ नसलेल्या घरात ही काळजी जरा जास्तच ऐकू यायची, म्हणून मी तिथं गंमत करत नसे.

काकूंनी या समुद्राला हद्द घालून दिली होती. टँकमधलं काही स्वयंपाकघरात यायचं नाही. त्यांच्या भांड्याला लागायचं नाही. आंघोळीच्या बादलीला तर नाहीच नाही. "मासं पाळा. माझी माळ बाटवू नका." काका मान डोलवायचे.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी काकांनी जिन्यातून हाक मारली. "मास्तर, वर या. उगवलंय!"

"काय उगवलंय?"

"त्येच तर बघायचंय."

मोठ्या दगडाच्या कडेला तपकिरी-हिरवट चकत्या आल्या होत्या. शर्टाच्या बटणाएवढ्या, काठाला बारीक झालर. काकांनी काडीनं स्पर्श केला तशी एक चकती मूठ मिटावी तशी मिटली. काकांचा चेहरा पोरगी बघायला गेलेल्या मुलासारखा झाला होता.

"समुद्रफूल हाय का हे? आपसूक आलेलं?"

"काका, मला मेथी आणि शेपूतला फरक कळत नाही. मला काय विचारता?"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, लांबूनच बघितलं. "भुरी पडलीय दगडावर," पिकावरचा रोग ओळखावा तसं म्हणाल्या आणि गेल्या.

काका मासे पाळणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते. तिथं पुण्याचा रविराज नावाचा एक तरुण होता, ग्रुपचा डॉक्टर म्हणा. काकांनी फोटो टाकला. टँकचा निळा दिवा चालू होता, त्यामुळे त्या फोटोत दगड, मासे आणि काकांचा अंगठा सगळं एकाच रंगाचं आलं होतं. तरी रविराजचं उत्तर चहा गार व्हायच्या आत आलं. समुद्रफूलच आहे, पण वाईट जातीचं. तण समजा. माशांना डंख करतं, सगळा टँक खाऊन टाकतं. उपटू नका, तुकड्यातुकड्यातून वाढतं. उकळत्या पाण्यानं मारा.

काकांनी मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाले, "फूल न्हाई मास्तर. ढेकूण निघाला."

ढेकूण हा काकांचा अनुभवाचा विषय होता. मुक्कामी ड्रायव्हरांच्या खोल्यांतल्या खाटा त्यांनी उभ्या महाराष्ट्रात पाहिल्या होत्या आणि त्या सगळ्यांवर त्यांचा एकच इलाज होता. खाट उन्हात काढायची आणि सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतायचं. रविराजनं उकळतं पाणी म्हटल्यावर काकांना पुढं काही विचारायची गरजच वाटली नाही. चमच्यानं नेमकं त्या चकतीवर सोडायचं पाणी आणि अख्खा दगड उकळणं यांत काही फरक असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी ढेकणांनी त्यांना अर्धवट काम करायला शिकवलेलं नव्हतं.

पुढची गोष्ट जिन्यातल्या सगळ्यांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. काकूंनी भरून ठेवलेला ड्रम काकांनी टँकच्या फिल्टरला लावला, आणि फिल्टर निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. काकू अशा कडाडल्या की खाली माझ्याकडं शिकवणीला बसलेली पोरं प्रमेय सोडून वर बघायला लागली.

"त्या पेटीतच जाऊन ऱ्हावा! न्हाईतर त्येच पानी प्या अन् मोकळं व्हा एकदाचं!"

काकू तणतणत देवळात गेल्या. परत आल्या तर बाथरूमला आतून कडी होती. त्यांनी दार वाजवलं. "आलो, आलो," एवढंच उत्तर आलं, आणि त्यानंतरही काका बराच वेळ आले नाहीत. थंडीचे दिवस, बाथरूमची खिडकी पुठ्ठा लावून बंद केलेली. बाहेर आले ते खोकत. काकूंना वाटलं दमा उठला. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांच्या छातीत तेवढंच साठलं होतं.

दुपारी ते मला जिन्यात भेटले. कचऱ्याची पिशवी घंटागाडीत टाकून वर येत होते, कठड्याला धरून. "तोंड लई कडू पडलंय मास्तर. तांब्याचा पैसा चघळल्यागत."

संध्याकाळी ताप भरला, हातापायात गोळे यायला लागले, श्वास पुरेना. रिक्षानं दवाखान्यात नेलं. ऑक्सिजनच्या नळीआडून ते डॉक्टरांना सांगत होते, "दगड उकळला साहेब." डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, काय प्यायले? "दगड उकळला," काका म्हणाले. नर्स म्हणाली, पेशंट बरळतोय. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत काका गेले.

आमच्या भागात धडधाकट माणूस असा तडकाफडकी गेला की लोक एकच विचारतात: औषध घेतलं का? औषध म्हणजे पिकावर मारायचं. इथं तर सगळंच जुळून आलं होतं. सकाळी भांडण. "प्या अन् मोकळं व्हा." बाथरूमला आतून कडी. आणि बाथरूमच्या कोनाड्यात फिनेलची बाटली. पोलीस ती बाटली पंचनामा करून घेऊन गेले. व्हिसेरा राखून ठेवला, अहवाल यायला वेळ लागेल म्हणाले. लोकांना अहवालाची गरज नव्हती. जिन्यात तीन बायका उभ्या असल्या आणि काकू दिसल्या की तिघींनाही एकदम दूध उतू जायची आठवण व्हायची.

काकांचे थोरले भाऊ आप्पासाहेब तिसगावहून आले. क्रिया तेच करणार होते. बाहेरच्या खोलीत टँकसमोरच बसले. काकू स्वयंपाकघराच्या चौकटीआड, पदर कपाळाखाली ओढून. थोरल्या दिरासमोर त्या उभ्या आयुष्यात कधी तोंड वर करून बोलल्या नव्हत्या.

"झाकून काय हुनार हाय?" आप्पा भिंतीला सांगावं तसं म्हणाले. "मच्छिंद्रानं औशिद घेतलं. गावाला कळलंय. दहावं थोडक्यात उरकू. मांडव नको, महाराज नको, माईक नको. मंग तिरंबकेसुरला जाऊन शांती करून येऊ."

माईक नको, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्या जिल्ह्यात दहाव्याला मांडव पडतो, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग सोसायटीच्या चेअरमनपासून सगळे उठून गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. जिवंतपणी ज्याला ग्रामसभेत कुणी बोलू दिलं नाही, त्याच्यासाठीही माईक लागतो. ज्याच्या दहाव्याला माईक नाही त्याच्याबद्दल गावानं काय समजायचं ते समजतं, आणि ते मग तीन पिढ्या पुसलं जात नाही.



आप्पा गेल्यावर काकूंनी मला वर बोलावलं. मासे भुकेनं काचेला तोंड घासत होते. काकूंनी डबीतलं खाद्य चिमटीत धरलं, विस्तवाला हात लावावा तसं, आणि पाण्यात सोडलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मास्तर, खरं सांगा. माझ्या बोलन्यानं प्यायले का वो ते?"

मी नाही म्हणालो. माझ्या नाहीला काय किंमत होती?

"मलाबी म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी दार वाजवलं तवा आत काय करत हुते, द्येवाला ठावं. पर दवाखान्यात दगड दगड करत हुते. अन् ह्याच्यातला मोठा दगड न्हाई. बघा की."

खरंच नव्हता. टँकच्या मधोमध मोकळी जागा होती. मला घंटागाडीत टाकलेली पिशवी आठवली, कठड्याला धरून चढणारे काका आठवले. काकूंना सांगितलं. त्या तशाच उठल्या, बाथरूममधली स्टीलची बादली घेऊन आल्या. आतल्या बाजूला पांढरा खारट थर होता. पाणी तापवायचा रॉडही पांढरा पडला होता.

"म्हंजी उकळलाच," काकू म्हणाल्या. "पर दगड उकळून मानूस मरतो का?"

कडेच्या एका लहान दगडावर त्याच चकत्या चार-पाच उरल्या होत्या. काय आहे हे, एवढं कळलं पाहिजे होतं. मला पारनेरच्या शाळेतली माझ्या वर्गातली ज्ञानेश्वरी आठवली. पारनेरसारख्या कोरडवाहू गावातून ती मत्स्यशास्त्र शिकायला रत्नागिरीला गेली तेव्हा आम्ही तिला 'कोळीण' म्हणून चिडवून घेतलं होतं. आता ती तिकडंच एका कॉलेजात शिकवते. निळा दिवा बंद केला, बॅटरीच्या उजेडात फोटो काढून पाठवले आणि फोन लावला. स्पीकरवर.

"इतक्या वर्षांनी फोन, तोही माशासाठी," ती म्हणाली. "लग्नाला बोलावशील वाटलं होतं."

"आधी बघ तर. ग्रुपवर कुणी याला समुद्रफूल म्हणतंय."

"बघतेय. खाली बघ नीट. प्रत्येकाचा देठ वेगळा आहे, का सगळे एकाच चटईतून वर आल्यासारखे चिकटलेत?"

काकूंनी काचेला नाक लावलं. "चिकटल्यात," त्या म्हणाल्या.

"मग हे समुद्रफूल नाही. समुद्रफूल एकटं उभं असतं. हा त्याचा भाऊबंद आहे, बटणासारखे पुंजके करून राहतो. तुमच्या ग्रुपवाल्यानं कशावरून..." ती बोलता बोलता थांबली. तिचा आवाज बदलला. "ए, हात घातला नाहीस ना पाण्यात? आणि हे कुणी उकळलं-बिकळलं नाही ना?"

आम्ही तिला काकांबद्दल एक शब्दही सांगितलेला नव्हता.

मी सगळं सांगितलं. ज्ञानेश्वरी हळूहळू बोलायला लागली. यातल्या काही जातींत फार जहाल विष असतं. उकळलं की वाफेबरोबर हवेत येतं, श्वासातून आत जातं. तोंडाला धातूसारखी कडू चव येते, ताप येतो, अंगात गोळे येतात, छाती भरते. हौशी लोकांच्या घरात असं झाल्याचं तिनं वाचलेलं होतं.

"तांब्याचा पैसा," काकू म्हणाल्या. "तांब्याचा पैसा चघळल्यागत मलाबी म्हनले हुते." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं रडल्या. "न्हाई प्यायले वं. न्हाई प्यायले!"

मी फोन बंद करणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. डोळे पुसले आणि फोनकडं तोंड करून विचारलं, "बाई, दार उघडं असतं तर?"

"काकू, तसं नक्की नाही सांगता येत."

"पर?"

"काकूंच्या जवळ कुणी आहे ना रे?" ज्ञानेश्वरीनं मला विचारलं.

"मी हाय माझ्याजवळ," काकू म्हणाल्या. "सांगा."

"वाचलेली माणसं आहेत, काकू. गच्चीवर, उघड्यावर केलं असतं तर वाफ एवढी कोंडली नसती. बहुतेक..."

आंघोळीची बादली त्यांच्यासमोर पडली होती. तिच्यापलीकडं बाथरूमचं दार होतं, आणि दाराला आतली कडी.

दहाव्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिसगावला गेलो. आप्पांच्या ओट्यावर भावकी जमली होती. मी मोबाईलवरचे फोटो दाखवले, ज्ञानेश्वरीनं सांगितलेलं जमेल तसं सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तिच्याशी बोलून 'असं असू शकतं' म्हटलं होतं, तेही सांगितलं. आप्पा पानाला चुना लावत ऐकत होते.

"म्हंजी भुरीनं मानूस मेला," ते म्हणाले. "मास्तर, तुमी पोरांनाबी असंच शिकवता व्हय?"

एक-दोघं हसले. आप्पा हसले नाहीत. भाऊ त्यांचाच गेला होता. "बरं, धरलं खरं. दगड उकळला. आमी शेळीचं मुंडकं भाजतो ते अंगनात. दगड उकळायला मानूस कडी लावून बसतो का? चोरी हाय का ती? औशिद घ्यायलाच मानूस कडी लावतो."

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मी काकूंकडं बघितलं नाही.

काकू बायकांमधून उठल्या. ओट्याच्या कडेशी येऊन उभ्या राहिल्या आणि कपाळावरचा पदर मागं सारला. आप्पांनी चुन्याचं बोट तसंच धरून ठेवलं.

"माझ्या भ्यानं लावली कडी," त्या म्हणाल्या. "माझी आंघुळीची बादली हुती. माशाचं काय तिला लागलं तर घरात पाय ठिवू द्यायची न्हाई, असं मीच म्हनलं हुतं. त्यात सकाळी मी त्यांना लई बोलले. मी देवळातनं यायच्या आत उरकावं म्हनून ते बसले आत. मी दार वाजवलं तवाबी उघडलं न्हाई, बादली दिसंल म्हनून. उघडलं असतं तर वाचले असते. त्या बाईनं सांगितलंय. औशिद न्हाई घेतलं त्यांनी. माझ्या धाकानं कोंडून घेतलं."

एक म्हातारी पुटपुटली, "काय बया बोलती ही, सोताच्याच तोंडानं."

आप्पांनी पान तोंडात न घालता खाली ठेवलं. काकूंकडं त्यांनी सरळ बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. मग पुतण्याला म्हणाले, "मांडववाल्याला फोन कर. महाराजांना सांग. माईकपन."

दहावं रीतसर झालं. चेअरमन म्हणाले, मच्छिंद्रराव समुद्राएवढ्या मनाचे होते. काकांना हे वाक्य फार आवडलं असतं.

नंतर रविराज पुण्याहून येऊन मासे घेऊन गेला. दारातच उभा होता, आत यायला तयार नव्हता. "काकू, मी फोटोवरून बोललो," एवढंच दोनदा म्हणाला. काकूंनी त्याला बसवून चहा पाजला. उरलेला दगड ज्ञानेश्वरीच्या सांगण्याप्रमाणे आम्ही खिडक्या-दारं सताड उघडी ठेवून, हातमोजे घालून, ब्लीचच्या पाण्यात बुडवून मारला. टीव्ही जुन्या जागी आला. काकू तो लावत नाहीत.

आमच्या जिन्यात आता मच्छिंद्रकाकांनी औषध घेतलं असं कुणी म्हणत नाही. आता म्हणतात, बायकोच्या धाकानं मेला. परवा पाणी भरताना दोघीजणी हेच बोलत होत्या आणि काकू वरून हंडा घेऊन खाली आल्या. दोघी नळाकडं बघायला लागल्या.

"बोला की," काकू म्हणाल्या. "हे खरं हाय." आणि रांगेत आपला हंडा लावला.